आत्या, तुमच्या कपावरच्या बशीसाठी

आत्या,

हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण माझी बदनामीही चारचौघांतच झाली. नातीकडून वाचून घ्या.

बाळंतपणानंतरच्या कंबरदुखीला ट्रामाडॉल घेतली आणि तिच्यातच अडकले. २०१८ पासून ही गोळी अमली पदार्थांच्या कायद्यात आहे. आमचा दुकानदार मात्र चिठ्ठी न बघताच देत होता. एक दिवस चुकली की जांभया, नाकाडोळ्याला पाणी, जुलाब, हाडं ठणकायची. माहेरच्यांनी आठ दिवस खोलीत कोंडलं. सुटले ती थेट त्याच दुकानात.

धारवाडच्या डॉक्टरांनी ब्युप्रेनॉर्फिन सुरू केली. जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत बोलायचं नाही, खायचं-प्यायचं नाही. गिळली तर नीट लागू पडत नाही. तिनं तलफ आवरते, अंग ठणकायचं थांबतं. मनानं बंद केली तर पुन्हा तिथंच जायची भीती. भावाला हे चारदा सांगितलं. “एक नशा सोडून दुसरी धरलीस,” म्हणाला आणि गाडीला किक मारली. चुलती तर तोंडात मशेरी धरून व्यसनावर बोलून गेली! निपाणीत हे चालतं, तंबाखूचंच गाव आमचं.

तुम्ही काहीच विचारलं नाहीत. पहिल्या दिवशी दोन कप चहा आणलात, समोर बसलात आणि दोन्ही कपांवर बशा पालथ्या घातल्यात. मी हातानं खुणावलं, तुम्ही घ्या. तुम्हीही हातानंच म्हणालात, असू दे. तुम्हाला बोलायला कुणाची बंदी होती? ज्यांच्या तोंडाला अख्खी गल्ली टरकते त्या तुम्ही, पहाटे चहा घेतल्याशिवाय चूल सारवत नव्हता त्या तुम्ही, माझी गोळी विरघळायची वाट बघत गप्प बसून होतात.

दीड वर्ष झालं, रोज तसंच. मधे दारात कोण आलं तर बाहेर जाऊन दबक्या आवाजात सांगता, “सुनेच्या तोंडात औषध हाय, धा मिनिटं थांबा.” औषध! त्याला या नावानं हाक मारणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. तुमचा मुलगासुद्धा ‘ती गोळी’ म्हणायचा. आता तुमचं ऐकून सुधारलाय.

शहाणी माणसं मला खूप भेटली, आत्या. माझ्याबरोबर चहा निवू देणारं माणूस एकच.

तेवढं आलं जरा कमी घाला. गोळीनंतर जीभ चुरचुरते.

तुमची सून