टाळ्या ज्यांच्या वाट्याला आल्या नाहीत, त्यांना

शनिवारी संग्रहालयात आग्नेय आशियाई संगीत-नृत्याची मोफत संध्याकाळ रंगली. कलाकारांचं कौतुक झालंच. हे आभार पडद्यामागच्यांचे.

आधी त्या सुईदोरावाल्या मावशी. ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या नृत्याचा पोशाख नुसता चढवून भागत नाही, तो नर्तकीच्या अंगावरच शिवतात. दुपारपासून तुम्ही मान वर केली नाहीत. नाव विचारलं तर म्हणालात, "आधी दोरा तोडा!"

मग गामेलान, म्हणजे इंडोनेशियातला तो वाद्यसंच, उचलणारी पोरं. बालीच्या वाद्यांमधल्या जोड्या मुद्दामच सुरात किंचित वेगळ्या लावलेल्या असतात. दोन्ही एकदम वाजल्या की त्या फरकातूनच नादाला ती थरथर येते. म्हणजे जोडी फुटली की मजा गेली. तुम्ही खोक्यांवर खुणा करून एकूण एक जोडी जागेवर लावलीत. शिवाय घाईतही कुणी वाद्य ओलांडलं नाही. ही रीत तुम्हाला कुणी शिकवली कोण जाणे.

अंगक्लुंग वाटणाऱ्या ताईंचा संयम तर अफाट! बांबूच्या त्या एका वाद्यातून एकच सूर निघतो, त्यामुळे अख्खी धून वाजवायला घोळका लागतो. तो घोळका आठ-नऊ वर्षांच्या मुलांचा होता, यातच सगळं आलं.

वेळ संपल्यावरही दिवे चालू ठेवणारे पहारेकरी काका, आणि खर्च उचलून नाव न सांगणारे ते कुणी, तुमचेही मनापासून आभार.

ता. क. निळी छत्री कुणाची राहिली असेल, तर ती तिकीट खिडकीवर ठेवली आहे.