सिस्टर, रक्ताच्या त्या हिशोबाबद्दल आभार

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

आमच्या चिऊच्या फाइलवर डोळ्यांच्या डॉक्टरांनी अखेर ‘आरओपी ओसरला’ असं लिहिलं. आरओपी म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या बाळांना होणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार. तुम्ही पेढे घेत नाही हे अख्ख्या एनआयसीयूला, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाला, ठाऊक आहे, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता यावं असं लिहितोय, कारण नाशिकमध्ये आजही कुणाचं तरी किलोभराचं बाळ पेटीत असेल. तुमचं नाव मुद्दाम टाळलंय. ओळखणारे ओळखतील.

औषधपाणी सगळ्यांनीच मनापासून केलं. माझे आभार आहेत ते चार्टच्या कडेला तुम्ही पेनने मांडत होतात त्या हिशोबाचे. चिऊ 29व्या आठवड्यात झाली, वजन 1100 ग्रॅम. तपासणीला रक्त काढलं की किती मिली गेलं ते तुम्ही लिहायचात आणि मागच्या आकड्यात मिळवायचात. मी सातपूरला कारखान्यात क्वालिटीत आहे, मायक्रॉनमध्ये मोजायची सवय. तरी मला हे जरा अतीच वाटलं होतं. तेव्हा तुम्ही म्हणालात, “दादा, हिच्या अंगात सगळं मिळून रक्तच शंभर मिलीच्या आसपास आहे.” म्हणजे एक कटिंग चहा! त्यातलं एक मिली काढणं म्हणजे माझ्या अंगातून चाळीस-पन्नास मिली काढण्यासारखं. त्यानंतर राउंडला तुम्ही “सर, या दोन तपासण्या एकाच नमुन्यात होतील का?” असं विचारलंत की मला तुमचा फार आधार वाटायचा.

मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा 100 दिसला की आम्ही दोघं खूश व्हायचो, आणि तुम्ही लगेच ऑक्सिजन कमी करायचात. ऑक्सिजन चालू असताना 90 ते 95 मध्ये ठेवायचं, हे तुम्हीच शिकवलंत. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या आईच्या पोटात सोळाव्या आठवड्याच्या सुमाराला वाढायला लागतात आणि कडेपर्यंत पोचायला जवळजवळ पूर्ण दिवस घेतात. लवकर जन्मलेल्या बाळात ती वाढ मध्येच अडते. ऑक्सिजन जास्त झाला की ती थांबते, आणि पुढे उपाशी पडदा वेड्यावाकड्या नव्या वाहिन्या फुटायला लावतो. हाच तो आरओपी.

पण ऑक्सिजनची भीती इंटरनेटवर वाचून आधीच बसली होती. रक्ताचं कुणी बोललंच नव्हतं. हिमोग्लोबिन उतरलं आणि रक्त चढवायचं ठरलं, तेव्हा आमच्या आईंचं म्हणणं होतं, दोन पिशव्या जास्त द्या, पोरगी बाळसं धरेल. तुम्ही त्यांना शांतपणे बसवून सांगितलंत. बाळाचं स्वतःचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं, मोठ्या माणसाचं तो सहज सोडतं. म्हणून बाहेरचं रक्त गेलं की त्या कोवळ्या पडद्याला ऑक्सिजन एकदम जास्त पोचू शकतो. पहिल्या काही आठवड्यांत जास्त वेळा रक्त लागलेल्या बाळांत आरओपी जास्त दिसतो. पण जे बाळ जास्त आजारी त्यालाच रक्त जास्त लागतं, त्यामुळे सगळा दोष रक्तावर टाकता येत नाही, हेही तुम्ही लगेच जोडलंत. “गरज असेल तेव्हा नाही म्हणायचं नाही, आजी. गरज नसताना मागायचं नाही.” आई त्यावर काही बोलल्या नाहीत. आमच्या घरात हे क्वचितच घडतं.

जंतुसंसर्ग झाला, प्लेटलेट घसरल्या, तेव्हा मला फक्त रक्तस्रावाची धास्ती होती. प्लेटलेटमध्ये रक्तवाहिन्या वाढवणारी आणि आवरणारी, दोन्ही प्रकारची द्रव्यं असतात. त्या कमी झालेल्या बाळांत तीव्र आरओपी जास्त आढळतो, हे तुमच्याकडूनच कळलं. साखर वाढली तेव्हाही तुमचं पहिलं वाक्य डोळ्यांबद्दलच होतं.

आणि मग ती तपासणी. 34 आठवड्यांच्या आधी किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मापासून 30 दिवसांच्या आत तपासायचेच. 28 आठवड्यांच्या आतल्या किंवा 1200 ग्रॅमखालच्या बाळाचे तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब, पापण्या उघड्या धरणारी ती तार, चिऊचा आक्रोश! हिची आई बाहेर निघून गेली. तुम्ही चिऊचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून तिच्याशी काहीबाही बोलत राहिलात. पुढच्या फेरीत वाहिन्या फुगलेल्या आणि नागमोडी दिसल्या, लेझर करायचं ठरलं. दोन-तीन दिवसांत व्हायला हवं होतं, झालंही.

एक गोष्ट मात्र इतर आईबापांसाठी ठळक लिहितो. बाळ घरी सोडतात तेव्हा डोळे वाढून पूर्ण झालेले नसतात. वजन भरलं, दूध ओढायला लागलं की आपण समजतो, सुटलो. पडदा आतून सुटत असला तरी बाहेरून डोळा छानच दिसतो. आमच्या डिस्चार्ज कार्डावर पुढची तारीख तुम्ही लाल पेनने लिहिलीत आणि आदल्या संध्याकाळी फोन केलात. हे काम तुमच्या ड्यूटीत बसतं का, मला माहीत नाही.

लेझर झालेल्या बाळांना पुढे चष्मा लागू शकतो, तिरळेपणा येऊ शकतो, म्हणून आता ठरावीक काळाने दाखवत राहायचंय. सध्या ती माझ्या खिशातला पेन बघून झेप घेते. पुढच्या तपासणीला येऊ तेव्हा भेटायचंय. तुमची पाळी दिवसाची की रात्रीची, तेवढं कळवा.

आपला,
चिऊचा बाबा, सातपूर