उगवतीची खोली

पुणे,
घटस्थापना

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गणपतीची चवथ आटोपून मी पुण्याला परतले त्याला तीन आठवडे होऊन गेले. रोज रात्री फोनवर आपले बोलणे होते, तरी जे बोलायचे ते राहूनच जाते, कारण बाबा दुसऱ्या मिनिटाला विषय पावसावर नेतात आणि आई ‘जेवलीस का’ यावर. पक्षात नवे काही काढायचे नाही, हे आईचे म्हणणे मानून मी घट बसेपर्यंत थांबले. आता मात्र आधी निर्णय सांगते आणि कारणे मागाहून, म्हणजे बाबांना चष्मा पुसत शेवटच्या पानाची वाट पाहावी लागणार नाही. उगवतीची खोली मी रिकामी करते आहे. दसऱ्यानंतरच्या शनिवारी टेंपो येईल, वेताळाच्या कॉमिक्सचे सगळे खोके त्यातून जातील आणि सोमवारपासून मेस्त कामाला लागतील. यापुढे तुम्ही दोघांनी त्या खोलीत झोपायचे आहे. मेस्तांना आगाऊ पैसे पोहोचले आहेत, तेव्हा ‘पुढच्या चवथीला बघू’ हे उत्तर चालणार नाही.

रागावू नका. निदान जिन्यापर्यंत तरी वाचा.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजला तेव्हा मी खालीच होते, गणपतीवर टांगलेल्या माटोळीची गळून पडलेली सुपारी उचलत. बाबा जिना उतरत होते. आधी डावा पाय खालच्या पायरीवर, मग उजवा त्याच पायरीवर, मग थोडे थांबणे. उजवा तळवा भिंतीला टेकलेला. अकरा पायऱ्या उतरायला त्यांना इतका वेळ लागला की पोदेर दोनदा भोंगा वाजवून पुढच्या घरी निघून गेला, आणि मी पाहते आहे हे लक्षात आल्यावर बाबा म्हणाले, ‘आज उंडे पाव नकोच होते.’ ते सोप्यावर जाऊन बसल्यावर मी जिन्यातली भिंत पाहिली. पांढऱ्या चुन्यावर खांद्याच्या जरा खाली एक तपकिरी पट्टा वरपासून खालपर्यंत उतरला आहे. वळणावर तो सर्वांत गडद आहे आणि तिथे पाचही बोटे सुटी सुटी दिसतात. वेताळाच्या अंगठीतली कवटी गुंडाच्या जबड्यावर उमटली की जन्मभर पुसत नाही, असे बाबा मला रंगवून सांगत असत. माझ्या संग्रहाने आपल्या घरावर काय उमटवले आहे, ते मला त्या सकाळी दिसले.

२००९ साली स्टॉकहोमची नोकरी संपवून मी परतले तेव्हा माझ्याजवळ नऊ खोके होते, पुण्याची जागा एका खोलीची होती, आणि आपल्या चिऱ्याच्या घरात आषाढातही भिंतींना ओल न धरणारी खोली एकच होती. तुम्ही ती मला दिलीत आणि वर राहायला गेलात. ‘वर वारा लागतो,’ असे तुम्ही दोघांनी सांगितले आणि मी ते खरे मानले, कारण खरे मानणे मला सोयीचे होते. एप्रिलमध्ये वरचा मजला किती तापतो, हे मला ठाऊक नव्हते असे थोडेच आहे? लग्न झालेल्या मुलीने माहेरची सर्वांत चांगली खोली सोळा वर्षे अडवून ठेवावी, तीही माणसांसाठी नव्हे, तर जांभळ्या पोशाखातल्या एका मुखवटेवाल्यासाठी, यावर शेजारपाजारी काय बोलले असेल ते आईने मला कधीच कळू दिले नाही.

बाबा, तुम्हांला वाईट वाटेल ते खोलीमुळे नव्हे, खोक्यांमुळे, हे मी जाणते. संग्रह माझा म्हणवला जातो, पण तो राखला तुम्ही. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि इंद्रजाल कॉमिक्सचा कागद पडला साधा, स्वस्त. तो आपणहून पिवळा पडतो, ओलीने फुगतो, आणि त्याच्या पिना गंजून मधल्या पानांवर तांबडे डाग सोडतात. २००३ च्या पावसात माळ्यावरच्या पेटीत वाळवी शिरली आणि तिने चाळीस अंक खाल्ले, तेव्हा तुम्ही सोप्यावर परात घेऊन बसलात आणि उरलेले प्रत्येक पान पंख्याखाली सुकवलेत. मी फोनवर रडत होते आणि तुम्ही मला वाचलेल्या पानांची संख्या सांगत होता. तेव्हापासून दर मे महिन्यात वेखंडाच्या कांड्या बदलणे, कडुलिंबाचा पाला सावलीत वाळवून कप्प्यांत पसरणे, हे सारे तुम्हीच केलेत. डांबराच्या गोळ्यांच्या वासाने आईचे डोके दुखते, म्हणून त्या तुम्ही घरात आणल्या नाहीत. आणि हवेतली ओल शोषणारे यंत्र मी बसवले खरे, पण त्याच्या टाकीतले पाणी पावसाळ्यात दिवसातून दोनदा ओतावे लागते, हे ओतणाऱ्यालाच माहीत. म्हणजे पोदेरासाठी एक फेरी आणि वेताळासाठी दोन. हा हिशेब मी चवथीलाच पहिल्यांदा केला, याची मला लाज वाटते.

शिवाय ती वही आहे. हजेरीपटासारख्या लांब वहीत तुम्ही प्रत्येक अंकाची नोंद केलीत: क्रमांक, कथा, कुठे मिळाला, किती पैसे पडले, आणि शेवटच्या रकान्यात ‘प्रकृती’. ‘पिन गंजली, बाकी ठीक.’ ‘मुखपृष्ठ नाही, आत उत्तम.’ कवटीगुहेत वेताळाची प्रत्येक पिढी आपल्या कामांची बखर लिहून ठेवते, तशी ही आपल्या घरची बखर. १९६४ च्या मार्चमध्ये सुरू झालेली इंद्रजालची मालिका १९९० मध्ये बंद पडली तेव्हा क्रमांक ८०५ पर्यंत गेले होते. त्यांतल्या १२३ आणि १२४ साठी तुम्ही दोन ओळी कोऱ्या सोडल्यात आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, पणजीच्या बसस्थानकावर, बेळगावच्या रद्दीवाल्याकडे, जिथे जाल तिथे त्या दोन अंकांची चौकशी केलीत. कामगारांच्या तंट्यामुळे ते दोन अंक निघालेच नव्हते आणि छापलेले अंक मुळात ८०३ च होते, असे मी तुम्हांला स्टॉकहोमहून कळवले, तेव्हा तुम्ही एवढेच म्हणालात, ‘ओळी राहू देत.’

मला कांजिण्या आल्या होत्या तेव्हाही आईने मला याच खोलीत ठेवले होते. मी आठ वर्षांची होते. अंथरुणावर कडुलिंबाचा पाला, खिडकीला ओले फडके, आणि बाबांना लहानपणी कांजिण्या आल्या नव्हत्या म्हणून आजीने त्यांना उंबरठा ओलांडू दिला नव्हता. बाबा दाराबाहेर खुर्ची टाकून बसत, म्हापशाहून आणलेला अंक वर्गातल्या आवाजात वाचत, आणि पान संपले की अंक उलटा धरून चित्रे मला दाखवत. वेताळाचा मित्र गुर्रन याचा आवाज वेगळा, जंगलातल्या ढोलांचा वेगळा. डेव्हिलला मी कुत्रा म्हटले तर वाचन थांबत असे, कारण तो लांडगा आहे. ‘जंगलातली जुनी म्हण’ तर आपल्या घरात इतकी मुरली की, दूध न पिणाऱ्याला वेताळही वाचवत नाही, ही म्हण मला पुढे कितीतरी वर्षे छापील वाटत होती. मुलगी वेताळ होऊ शकते का, असे मी विचारले तेव्हा तुम्ही लगेच उत्तर दिले नाहीत; दोन दिवसांनी येऊन सांगितलेत की सतराव्या वेताळाची बहीण ज्युली हिने त्याच्या जागी तो पोशाख घातला होता. तुम्ही ते कुठून शोधून काढलेत कोण जाणे.

आईचे म्हणणे वेगळे होते, आणि आज मला ते जास्त पटते. आमोण्याचा आपला देव बेताळ रात्री गावाची शीव फिरतो, म्हणून त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात आणि त्या झिजतात. बापलेकीच्या चित्रातल्या वेताळाला घोडा आहे, त्याला काय वाहायचे, असे ती विचारी. मी मात्र दोघांना एकच समजून देवळात मोठ्याने ‘याचा घोडा कुठे?’ असे विचारले होते आणि आईने माझा दंड असा काही धरला होता की तो अजून आठवतो. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली ‘फँटम’, म्हणजे आपला चित्रातला वेताळ, निर्माण केला तेव्हा त्याचे हे नाव कुठल्या गावात कुणाला जाऊन भिडेल, याची त्याला काय कल्पना असणार!

आता खोके कुठे जाणार ते सांगते. वेताळाचे सर्व अंक माझ्याकडे पुण्याला येतील. इथली हवा कोरडी आहे, मी घट्ट दाराचे पोलादी कपाट घेतले आहे आणि ते बाहेरच्या भिंतीला लावलेले नाही. स्वीडनच्या वेताळाचे, ‘फान्तोमेन’चे अंकही त्यातच राहतील, १९५० पासून ते नियतकालिक तिथे निघते आहे, तेव्हा त्यांची काळजी आपण नाही केली तरी चालेल. दुबार अंक आणि इंद्रजालमधल्या फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी या दुसऱ्या नायकांचे अंक मी कोल्हापूरच्या एका संग्राहकाला दिले. दिले म्हणजे विकले. मी शब्द फिरवत नाही. वहीत तुम्ही तांबड्या शाईने लिहिलेला एकही अंक त्यांत नाही, हे मी तीन वेळा ताडून पाहिले आहे. ते पैसे न्हाणीच्या न घसरणाऱ्या लाद्यांत गेले, आणि फ्लॅश गॉर्डनने आजवर केलेले हे सर्वांत उपयोगी काम असावे. मँड्रेक मी विकलेला नाही, आईच्या भीतीने. बहादूरही ठेवला, कारण तो आणि मी एकाच वर्षीचे, १९७६ चे. कांजिण्यांचा तो पहिला अंक, वही आणि कवटीची अंगठी तुमच्याकडेच राहतील. बाबांनी ती अंगठी घालून देवळात जायचे नाही, ही आईची अट कायम आहे.

खोलीत काय काय होणार, त्याची चिंता करू नका. खाट अशा उंचीची करून घेतली आहे की बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकतील. न्हाणी खोलीला लागूनच असेल, तिथे कमोड आणि दोन्ही बाजूंना धरायला दांड्या असतील, आणि नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान तुम्ही त्याच न्हाणीत कराल, असे मेस्तांनी मला कबूल केले आहे. ओल शोषणारे यंत्र आहे तिथेच राहील, आता तुमच्या गुडघ्यांसाठी; त्याला मी नळी जोडून घेणार आहे, म्हणजे टाकी ओतायला नको. रस्त्याकडच्या खिडकीच्या गजांतून पोदेराचा हात आत येतो, हे मी चवथीला मोजून पाहिले आहे. उंडे खाटेवर बसून घ्या. आईला अंथरुणातून तुळस दिसेल. वरचा मजला आम्ही आल्यावर आमच्यासाठी, आणि तिथे वारा लागतो की नाही ते आम्ही तुम्हांला सांगू.

आता काही सांगायचे आहे ते ऐकायचे. रक्तदाबाची गोळी सकाळी पेजेनंतर, ‘आज बरे वाटते’ म्हणून ती चुकवायची नाही. दोन्ही गुडघ्यांचे नवे फोटो दिवाळीनंतर काढायचे. मी आठ दिवसांची रजा टाकली आहे आणि डॉक्टरांची वेळही घेतली आहे. शस्त्रक्रियेला बाबांनी ‘नाही’ म्हणायचे असेल तर डॉक्टरांचे बोलणे पूर्ण ऐकून मग म्हणावे, आधी नाही. आईने बेताळाला नवसाच्या वहाणा बोलायच्या असतील तर जरूर बोलाव्यात, पण त्या फोटोंच्या ऐवजी नव्हे, फोटोंच्या जोडीला.

शनिवारी टेंपोबरोबर दोन माणसे येतील. बाबा, तुम्ही एकही खोका उचलायचा नाही, हलका असला तरी नाही आणि ‘फक्त सरकवतो’ म्हणूनही नाही. दाराबाहेर खुर्ची टाकून बसा, वही मांडीवर घ्या आणि खोका बाहेर पडला की क्रमांक ताडून खूण करा. माणसे घाई करतील. करू देऊ नका. १२३ आणि १२४ च्या ओळींवर मात्र काही लिहू नका.

जावई तुम्हां दोघांना नमस्कार सांगतात. मुलांची पत्रे वेगळी येतील, म्हणजे मी लिहून घेतली तर.

तुमची,
बाय

ता. क. आई, हे पत्र वाचून झाल्यावर तू ओले फडके घेऊन जिन्यातली भिंत पुसायला जाशील. जाऊ नकोस. चुना काढायला मी माणूस सांगितला आहे.