नाना, महामार्गाचा दुभाजक फोडून मिडलकट करायला तुम्ही नाही म्हणालात त्याबद्दल

ती. नाना यांना शि. सा. न. वि. वि.

आभाराचं जाहीर पत्र लिहू नकोस, आणि लिहिलंसच तर नाव घालू नकोस, असं तुम्ही बजावलं होतंत. त्यातलं दुसरं पाळते आहे. पहिलं पाळणं जमत नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला आमच्यासारख्या वाड्या पनवेलपासून झारापपर्यंत आहेत, आणि आराखडा वाचता येणारा, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला शेजारी सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

रस्ता दुपदरी होता, १७ नंबरचा होता, तेव्हा पोर दप्तर घेऊन एकटं पलीकडच्या शाळेत जाई. चौपदरीकरणात भराव चढला, मध्ये दुभाजक आला आणि आता ६६ नंबर मिळालेल्या त्याच महामार्गाने वाडीचे दोन तुकडे केले. अलीकडे घरं, पलीकडे शाळा, देऊळ, एसटीचा थांबा. वर आवाज. दिवसा तो कामाच्या गडबडीत विरतो. रात्री भरलेले ट्रक चढाला लागले की गिअर बदलतानाची घरघर, एअर हॉर्न, आणि मोकळे डंपर उतरताना फाळक्यांची आदळआपट. लेकीला बाळंतपणाला माहेरी आणावं की नको, याचा विचार करणारी घरं आहेत आमच्यात.

अर्ज आम्ही केलेच होते. 'आवाजाचा त्रास होतो, अपघाताचा धोका आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी' अशा चालीवरचे. तुम्ही सभामंडपात बसून ते सगळे वाचलेत आणि एवढंच विचारलंत, "ह्यात चेनेज खंय आसा?" महामार्गावरची प्रत्येक जागा किलोमीटर अधिक मीटर अशी मोजलेली असते आणि साहेब लोक त्याच हिशेबाने कागद बघतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. मग माहितीच्या अधिकाराचा अर्ज झाला. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. मंजूर आराखडा हाती आला तेव्हा तो गुंडाळी सोडेना, म्हणून तुम्ही त्याच्या दोन्ही टोकांवर नारळ ठेवलेत.

आणि तिथेच मोठं भांडण झालं.

वाडीला मिडलकट हवा होता. दुभाजक फोडून समोरासमोर वाट, म्हणजे शाळा दोन मिनिटांवर, आणि टपरीवाल्यांचं गिऱ्हाईकही टिकेल. सह्यासुद्धा गोळा झाल्या होत्या. तुम्ही म्हणालात, "थंय मिडलकट केल्यात तर रोज कोण ना कोण मरतलो." पंचायतीत खुर्च्या सरकल्या. गाडीतून फिरणाऱ्यांना काय जातं बोलायला, असंही कोणीतरी म्हणालं. (तुमच्याकडे अजून ती जुनी स्कूटरच आहे, हे त्याला ठाऊक नसावं.) तुम्ही आवाज चढवला नाहीत. आम्हाला उतारावर नेऊन उभं केलंत आणि हिशेब मांडलात. ताशी ८० ने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. उभी दुचाकी सुरू करून दोन मार्गिका ओलांडायला पाच सेकंद धरा. तेवढ्यात गाडी ११० मीटर पुढे आलेली असते, आणि वळणामुळे तिथून तेवढं दिसतच नाही. दिसलं तरी ब्रेकवर पाय जाईपर्यंतचे सेकंद वेगळे. भरलेला ट्रक उतारावर असला तर बोलायलाच नको.

मग बोट आराखड्यावर. पुढे पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) अंगाला बॉक्सवेल होता, म्हणजे महामार्गाखालून पलीकडे जाणारी चौकोनी वाट; तो आम्ही रोज बघत होतो. पण अर्धवट सोडलेला सर्व्हिस रोड कागदावर थेट त्या बॉक्सवेलपर्यंत गेला होता. जमिनीवर तो मध्येच खडीच्या ढिगात संपत होता. म्हणजे नवं काही मागायचंच नव्हतं. 'तुम्ही काढलंय तेवढं बांधा', एवढंच खात्याला म्हणायचं होतं. 'मंजूर आराखड्याप्रमाणे चेनेज अमुक ते तमुक सर्व्हिस रोड अपूर्ण' या एका ओळीने जे झालं ते आमच्या आधीच्या सगळ्या अर्जांनी झालं नव्हतं. सोबत मोटार वाहन कायद्याचं २०१९ साली आलेलं कलम १९८-ए तुम्ही जोडायला लावलंत. रस्त्याच्या सुरक्षेचे निकष न पाळल्याने माणूस मेला किंवा अपंग झाला तर ठेकेदार, सल्लागार किंवा जबाबदार यंत्रणेला एक लाखापर्यंत दंड. रक्कम वाचून मला हसावं की रडावं कळेना, पण कागदाला वजन आलं हे खरं.

आता पोरं बॉक्सवेलखालून जातात. लांब पडतं. काही जण अजून कुरकुरतात, आणि पावसात तिथे पाणी तुंबतं ते वेगळं. तरीही दुभाजकावरून चढून कोणाचं लेकरू पलीकडे जात नाही.

आवाजाच्या बाबतीत तुम्ही आम्हाला आशेला लावलं नाहीत, याचे आभार मला जास्त मानायचे आहेत. "आवाज कमी जायत, बंद जावचो नाय," हे पहिल्याच बैठकीत सांगून टाकलंत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मोबाइलवरच्या ॲपचा आकडा पुरावा होत नाही, पण कुठल्या वेळी, कशामुळे वाढतो ते समजायला पुरतो, म्हणून वही ठेवायला लावलीत. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट आणि कानाला साधारण दुप्पट, हे ऐकल्यावर वहीतल्या आकड्यांचा अर्थ लागला. त्या वहीतूनच कळलं की मध्यरात्रीची सगळ्यात मोठी खडखड ट्रकच्या इंजिनाची नव्हती. आमच्याच मागणीवरून घातलेल्या रम्बलरची, म्हणजे चालकाला सावध करायला रस्त्यावर काढलेल्या आडव्या उंच पट्ट्यांची होती. घरांच्या अगदी समोर पट्टे, वरून मोकळे डंपर. सुरक्षेसाठी पट्टे हवेत आणि झोपेसाठी नकोत, यावर वाडी पुन्हा दुभंगली असती. तुम्ही तोडगा काढलात: पट्टे वळणाच्या आधी, घरं नाहीत तिथे घ्या. चालक तिथेच सावध होतो. ते झालं.

झाडांचंही तसंच. एक रांग अशोकाची लावली की आवाज थांबेल, असं आम्ही धरून चाललो होतो. विरळ रांगेने आवाज फारसा अडत नाही, त्याला भोकं नसलेली भिंत लागते आणि ती गाड्यांची चाकं नजरेआड करण्याइतकी उंच हवी, असं म्हणालात. ज्यांना परवडलं त्यांनी कंपाउंडला चिऱ्याचे थर वाढवले आणि सांधे भरून घेतले. फरक आहे. शाळेसाठी आवाजरोधक भिंतीची मागणी मात्र अजून लोंबकळते आहे, आणि मुख्याध्यापकबाईंनी रस्त्याकडच्या वर्गातली पहिली-दुसरीची मुलं मागच्या खोल्यांत हलवली आहेत.

मिडलकटच्या सह्या करणाऱ्यांपैकी काही जण तुमच्याशी अजून नीट बोलत नाहीत, ते मला माहीत आहे. मनाला लावून घेऊ नका म्हणणार नाही, लागणारच. पण परवा त्यांच्यातल्याच एकाने मला विचारलं, नाना मृगाआधी येतील का, बॉक्सवेलचं गटार कुठे काढायचं ते दाखवायला? मी हो म्हणून टाकलंय. रविवारी सकाळी माणूस आणि गाडी पाठवते. स्कूटरवरून येऊ नका. काकूंनाही आणा. घावणे आणि रस करून ठेवते, आणि नवा आराखडा आलाय, त्यातलं गटाराचं पान मला कळलेलं नाही.

तुमच्या शेजारवाडीतली,
आराखडा उलटा धरणारी