आई, मशीनवर बसल्याचा फोटो पाठव

प्रिय आई,

रविवारी न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियममध्ये गेली होती न तिथं एका चित्रापुढून मले हलताच येईना. व्युयार नावाच्या फ्रेंच चित्रकारानं १८९३ मध्ये आपल्या मायचं न बहिणीचं काढलेलं, जेमतेम ४६ बाय ५६ सेंटीमीटर, आपल्या सुपाएवढं असंल. त्याचा बाप लवकर गेला, मग मायनं घरातच कॉर्सेट, म्हणजे बायांनी कंबर आवळायले घालायचे कपडे, शिवून संसार चालवला, तू ब्लाऊज न फॉल-पिको करून आमच्या फिया भरल्या तसंच.

माय खुर्चीवर बसून आहे, पूर्ण काळ्या कपड्यात, हात गुडघ्यावर, तू कापूस वेचून आल्यावर ओट्यावर बसते ना, तशी. बहीण भिंतीले लागून वाकली आहे, तिच्या कपड्याचे चौकडे न वॉलपेपरचे ठिपके असे मिसळले की ती भिंतीतच चालली वाटते. मले लग्नाआधीचे दिवस आठवले, पाहुणे आले की मी अशीच कोठीच्या कोपऱ्यात चिकटून उभी राहत होती.

पयले वाटलं, मायले एवढं काळं काऊन रंगवलं? मग पाहता पाहता समजलं, त्या काळ्याच्या भरवशावरच ती खोली उभी आहे. बाकी सगळं हलते, ती नाही. लाईट गेली असली न तू दारात उभी राहिली तरी नुसत्या आकारावरून समजते ना आम्हाले की आई आली, त्यानं तेच रंगवलं आहे. १९२८ मध्ये माय जाईपर्यंत तो तिच्याजवळच राहिला, तवा साठीले टेकला होता. हे वाचलं न लय रडायला आलं आई, मी सहा वर्षांत दोनदा आली.

पुढं पुढं तो रंगाची भुकटी गरम सरसात कालवून चित्रं काढायचा, म्हणजे बाबा दिवाळीआधी चुन्यात नीळ न डिंक टाकतात तसंच काहीसं.

तर त्या निळ्या भिंतीपुढं मशीनवर बसल्याचा तुझा फोटो पाठव. पेटीतली साडी काढू नको, ती हिरवी, घरात नेसायचीच नेस. दोरीवरचे कपडे तसेच राहू दे, खाली पडलेल्या चिंध्या झाडू नको. अन् कॅमेऱ्याकडे पाहू नको, सुईत दोरा ओवत असतानाच काढायला सांग.

तुझी,
बेबी