‘जणू’ दिसले की उत्प्रेक्षा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अलंकार ‘खुणेच्या शब्दां’वरून ओळखायला शिकवण्याची पद्धत शिकवणीच्या टिपणांपासून सरावपत्रिकांपर्यंत सगळीकडे रुजली आहे. ‘सारखा, परी, प्रमाणे’ म्हणजे उपमा, ‘जणू, गमे, भासे’ म्हणजे उत्प्रेक्षा, ‘हून, पेक्षा’ म्हणजे व्यतिरेक. एका गुणाच्या प्रश्नापुरते हे निभावते, पण कविता हाती लागत नाही आणि ओळखही चुकते. ‘तो वडिलांसारखा उंच आहे’ यात ‘सारखा’ आहे, अलंकार नाही. ती साधी तुलना आहे, कल्पनेची चमत्कृती तिच्यात नाही. उलट ‘चंद्रमुखी’त खुणेचा एकही शब्द नाही, तरी ती उपमाच, लुप्तोपमा, म्हणजे काही अंगे गाळलेली उपमा.

आधी दोन गोष्टी लिहून काढायला सांगाव्यात: बोलणे कशाविषयी चालले आहे (उपमेय) आणि त्यासाठी बाहेरून काय आणले आहे (उपमान). मग कवीने त्या दोघांत किती अंतर ठेवले ते पाहावे. संध्याकाळचे आभाळ आणि भट्टी ही एकच जोडी घेऊ. ‘आभाळ भट्टीसारखे लाल झाले’ ही उपमा. उपमेय, उपमान, ‘सारखे’ हा साधर्म्यवाचक शब्द आणि लालपणा हा साधारण धर्म, चारही अंगे हजर. ‘आभाळ जणू पेटलेली भट्टीच’ ही उत्प्रेक्षा, कारण इथे उपमेय हेच उपमान असावे अशी कल्पना केली. ‘आभाळाच्या भट्टीत दिवस वितळला’ हे रूपक, कारण इथे अंतरच उरले नाही. ‘हे आभाळ नव्हे, ही तर भट्टी’ यात उपमेय उघड नाकारले, म्हणून अपन्हुती. ‘भट्टीही फिकी पडावी असे आभाळ’ यात उपमेय उपमानाहून सरस ठरले, म्हणून हा व्यतिरेक, आणि त्यात ‘हून’ही नाही, ‘पेक्षा’ही नाही.

सर्वात जास्त घोटाळा ससंदेह आणि भ्रांतिमान यांत होतो. ‘हे आभाळ की भट्टी?’ इथे मन दोहोंत लोंबकळत राहते, तो ससंदेह. ‘भट्टी समजून पाखरे माघारी फिरली’ इथे चुकीचा समज पक्का झाला आणि त्याप्रमाणे कृतीही घडली, हा भ्रांतिमान.

भरताच्या नाट्यशास्त्रात अलंकार अवघे ४ आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढे ही संख्या शंभरावर गेली. एवढी नावे पाठ कोण करणार? संबंध ओळखता आला तर नाव मागून सापडते.

शब्दालंकार की अर्थालंकार, हे ठरवायला जुनी आणि खात्रीची कसोटी आहे: शब्द बदलून त्याच अर्थाचा दुसरा घालावा. ‘मेघा, तू सर्वांना जीवन देतोस’ यातले ‘जीवन’ काढून ‘पाणी’ घातले की श्लेष, म्हणजे ‘आयुष्य’ आणि ‘पाणी’ असा दुहेरी अर्थ, नाहीसा होतो, म्हणून तो शब्दश्लेष, शब्दालंकार. वरच्या उपमेत ‘आभाळ’ऐवजी ‘नभ’ घातले तरी उपमा जागेवर राहते, म्हणून ती अर्थालंकार.

यमकाबाबतही ढिलाई दिसते. चरणाअखेर तोच शब्द त्याच अर्थाने पुन्हा आला तर ती नुसती पुनरावृत्ती झाली. यमकात अक्षरे तीच हवीत, अर्थ वेगळा हवा. गझलेत तर असा पुन्हा येणारा शब्द रदीफ असतो, आणि यमकाचे काम त्याच्या आधीचा काफिया करतो.

आधुनिक कवितेच्या उत्तरांत प्रतिमा, प्रतीक आणि रूपक हे तीन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. कवितेत दाराची करकर ऐकू आली, कडीचा गारवा हाताला जाणवला, तर ती प्रतिमा. तेच दार पुन्हा पुन्हा येऊन दर वेळी कुणाच्या तरी निघून जाण्याचा अर्थ सोबत आणू लागले, तर ते प्रतीक, आणि तरीही ते दार म्हणून शाबूत असते. ‘मन हे बंद दार’ म्हटले तर रूपक. उत्तरात ‘प्रतीक’ लिहायचे असेल तर ती वस्तू कवितेत कुठे कुठे आली, त्या ओळी दाखवता आल्या पाहिजेत.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी अलंकाराचा प्रश्न २ गुणांचा करावा: १ गुण नावाला, १ गुण उपमेय-उपमान आणि त्यांचा संबंध एका वाक्यात सांगण्याला. आपल्या वृत्तपत्रातील नमुना उत्तरांतही नावापुढे ते एक वाक्य छापले जावे, ही विनंती.

आपला,
मराठीचा एक अध्यापक