वनस्पतिसंग्रहातल्या काकांना

काका, सादर नमस्कार.

प्रबंध एकदाचा सादर झाला. ऋणनिर्देशात तुमचं नाव आहेच, पण ती पानं कोण वाचतं? म्हणून हे उघड पत्र.

माझं काम फुलकिड्यांवर, म्हणजे थ्रिप्सवर. जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचा काळा जीव. ओळखायचा तर आधी कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवायचा, मग अल्कोहोल, लवंगेचं तेल आणि शेवटी कॅनडा बाल्सम या पारदर्शक राळेत स्लाइड. एवढं करून सगळं अडतं एका केसावर. बेंजामिना आणि नांदरुक ही दोन्ही वडाच्या जातकुळीतली, फायकस झाडं; बेंजामिनावरचा गायनेकोथ्रिप्स उझेली आणि नांदरुकावरचा गायनेकोथ्रिप्स फायकोरम हे फुलकिडे दिसायला सारखेच. छातीच्या पहिल्या खंडाच्या मागच्या कोपऱ्यातला केस उझेलीत लांब, फायकोरममध्ये आखूड. तो नेमका तुटलेला निघाला की आधार उरतो झाडाच्या नावाचा. तेच चुकलं तर मुसळ केरात!

आणि झाडाचं नाव सांगणार कोण? नर्सरीत दोन्ही 'फायकस'च. किडे ठेवलेल्या जुन्या कुप्यांच्या चिठ्ठ्यांवरही तेवढंच, नाहीतर नुसतं 'झुडूप'.

तुम्ही भिंग लावून दाखवलंत: बेंजामिनाचं पान पातळ, टोक लांब निमुळतं, बाजूच्या शिरा बारीक आणि दाट, नांदरुकाचं जाडसर, टोक बोथट. आम्ही आणायचो ती पानं फुलकिड्यांमुळे करंजीसारखी मिटलेली, जांभळ्या डागांची. संग्रहाच्या दारातही कुणी घेणार नाही असला माल. तुम्ही नाक मुरडलं नाहीत. त्याच फांदीची धड पानं आणि फळं तेवढी मागितलीत. "कुपी आणि फांदी एकाच नंबरची. एकटी कुपी आणायची नाही," हा तुमचा दंडक.

कीटक हा तुमचा विषय नाही, तरी सगळ्यात कामाचा प्रश्न तुम्हीच विचारलात: "हा इथे राहतो, की नुसता येऊन बसलाय?" पंख फुटलेला फुलकिडा कुठेही उतरतो. मिटलेल्या पानातही पान मिटवून गाठ करणाऱ्या फुलकिड्यांबरोबर अँड्रोथ्रिप्स हा दुसराच फुलकिडा सापडतो, शिवाय त्यांना खाणारा मोन्टॅन्डोनिओला ढेकूण. तेव्हापासून अंडी-पिल्लं दिसल्याखेरीज 'यजमान वनस्पती' हा रकाना मी भरलेला नाही. त्यामुळे यादी बरीच आखूड झाली, आणि परीक्षकांनी तिच्यावर एकही शंका काढली नाही.

फांद्या आता चिकटवून कपाटात लागल्या आहेत. नांदरुकाच्या दोन नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर मात्र तुमची सही राहिली आहे. कधी येऊ घेऊन?

तुमची विद्यार्थिनी